हात गेला, असं मी म्हणालो

मन्मथ, गाडीचं दुखणं सापडलं.

हे सगळ्यात आधी तुला सांगायचं, आणि सांगायला तू नाहीस. सापडलं तेव्हा मी मांजरसुंब्याच्या घाटात एकटाच होतो. बॉनेट वर, बोटाला राखाडी भुकटी लागलेली, आणि मी काय केलं असेल? मोठ्यानं ओरडलो, "बघ बे! कार्बोरेटरच!" वर माळावर शेळ्या राखणारी बाई दचकून उभी राहिली. तुझ्या समाधीवरची माती नीट वाळलीसुद्धा नव्हती आणि मी आपला वाद जिंकल्याच्या आनंदात मडगार्डावर थापा मारत होतो. तो आनंद फार वेळ टिकला नाही, पण झाला होता हे खरं. त्याची लाज अजून वाटते.

बार्शी नाक्यावरच्या आपल्या लोकांनी तुझ्यासाठी शोकसभा घेतली. "उत्तम, तू बोल, तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं," म्हणाले. मी उठलो, माइक हातात घेतला, माइकच्या वायरीत खरखर होती ती तेवढी ठीक केली आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवेना. दुःख होतंच रे. पण मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

तुझं दुकान कार्बोरेटरचं, माझं बॅटरी-वायरिंगचं, मध्ये एक पत्रा. गाडी बंद पडली की माणूस आधी तुझ्याकडे यायचा. तू म्हणायचास, "कार्बोरेटर बराय, करंट बघा." माझ्याकडे आला की मी म्हणायचो, "करंट बराय, कार्बोरेटर बघा." गिऱ्हाईक पत्र्याच्या या बाजूनं त्या बाजूला फिरून वैतागायचं आणि आपण दोघं हसायचो. आपली मैत्रीच त्या भांडणावर उभी होती. जोवर गाडी दुसऱ्याची होती, तोवर त्या भांडणानं कुणाचं वाकडं झालं नाही.

मग तू ती लाल गाडी आणलीस. पुण्याच्या कुणा शौकिनानं शर्यतीसाठी बांधलेली आणि मन भरल्यावर टाकून दिलेली. टेम्पोवर घालून आणलीस तेव्हा तिच्यात उंदरांनी बाळंतपणं केली होती. पण बॉनेट उघडलंस आणि तुझा चेहरा असा झाला की मीच तुझ्याकडे बघत राहिलो. आत दोन गळ्यांचा परदेशी कार्बोरेटर होता. आपल्याकडच्या टॅक्सीच्या कार्बोरेटरशेजारी तो ठेवला तर बोकडाशेजारी बैल. "उत्त्या, हिला हवा लई लागती," तू म्हणालास, आणि वरची हवेची जाळी काढूनच टाकलीस. दोन्ही गळे उघडे. घरघर अशी यायची की नाक्यावरची माणसं चहा सोडून बघायची.

तुला शर्यत बिर्यत करायची नव्हती. तुझं एकच म्हणणं होतं. दर सोमवारी माय कपिलधारला दर्शनाला जाते, एसटीत उभी राहून जाते. तिला या गाडीत बसवायचं आणि मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, पाय न काढता, एका दमात चढायचा. "मायला कळलं पायजे, पोरगं नुसतं काळे हात करून घेत न्हाई," एवढंच. मला ते ऐकून हसू आलं होतं, आणि हेवाही वाटला होता. माझ्या आईला मी तलवाड्याहून बीडला आणलं तेव्हा तिच्यासाठी काय केलं हे आठवायला बसलो तर फार काही हाती लागत नाही.

गाडी पहिल्यांदा घरापुढे उभी राहिली तो दिवस मला आता रोज आठवतो. मायनं आरती केली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. मग मला विचारलं, "उत्तम, हिचं तोंड कुठंय रे?" मायचा विचार साधा होता. घरातलं कुणी गावाला निघालं की ती विभूतीची चिमूट कपाळाला लावते आणि उरलेली जिभेवर घालते. तू घरात होतास. मी चेष्टेला सोकावलेला माणूस. म्हणालो, "हे बघ माय, हे दोन गळे. हितनंच श्वास घेती, हितनंच खाती. हेच तोंड." माय खूश झाली, मीही खूश झालो. एवढी साधी गंमत होती. मी ती संध्याकाळपर्यंत विसरलो.

पुढच्या सोमवारी गाडी पालीपर्यंत अशी गेली, म्हणालास, की बिंदुसरेचं धरण कधी मागं पडलं कळलं नाही. आणि घाटाच्या दुसऱ्या वळणाला बसली. बंद नाही पडली, बसली. पाय खाली दाबलेला, आवाज नुसता घुमतोय, मागून काळा धूर, आणि गाडी चालत जाणाऱ्या माणसाच्या वेगानं. पहिल्या गिअरमध्ये कशीबशी वर नेलीस. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे चारही प्लग मांडलेस. काजळीनं काळेकुट्ट.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. प्लग काळा पडला की त्याची कारणं दोन, हे आपल्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल: एक तर पेट्रोल जास्त जातंय, नाही तर ठिणगी कमजोर आहे. म्हणजे एक तर तू, नाही तर मी. मी कॉइल बदलली, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, टायमिंग पुन्हा लावलं. तू जेट, म्हणजे हवा-पेट्रोलची ती बारीक भोकं, काढून साफ केलेस, फ्लोटची पातळी मोजलीस, पंप उघडलास, टाकीच्या झाकणाचं भोकसुद्धा तारेनं मोकळं केलंस. आपण दोघं बसून घाटात गेलो. चढली! तिसऱ्या गिअरमध्ये, पाय न काढता. वर पोचल्यावर तू मला मिठी मारलीस, आणि ग्रीसचा डाग माझ्या लग्नातल्या शर्टावर कायमचा बसला. सोमवारी मायला घेऊन गेलास, पुन्हा तिथंच बसली.

मग तो खेळच झाला. गॅरेजवरून निघाली की चढायची, घरून निघाली की बसायची. "घरी काय सासुरवास हाय का रे तिला?" मी म्हणायचो. तू चिडायचास. तुझं म्हणणं, रात्रभर गारठ्यात उभी राहते म्हणून करंट उतरतो. माझं म्हणणं, रात्रभर उभी राहते म्हणून पेट्रोलचा गाळ खाली बसतो. दोघांचंही शहाण्यासारखं, दोघांचंही चूक. कुणी म्हणालं नजर लागली. मिरच्याही ओवाळून झाल्या.

आता कळतंय तर हसावं का रडावं. तुझी पद्धत होती, कुठलाही कार्बोरेटर उघडायच्या आधी कॉम्प्रेसरची हवा मारायची. "आधी फुंक, मग उघड. वरचा कचरा आत पडाया नको." पोरांना शिकवतानाही तू पहिलं हेच शिकवायचास. घाटातून आलास की पहिल्यांदा हवा मारायचास, आणि जे काही वर बसलेलं असेल ते उडून जायचं. मग उघडून बघायचास तर आत लख्ख. तुझ्या स्वच्छतेनंच तुला काही दिसू दिलं नाही, आणि त्यात तुझी काडीची चूक नव्हती.

तो सोमवार आला. गाडी दुसऱ्या वळणाला इतकी बसली की पहिल्या गिअरमध्येही चढेना. भर उन्हात मायला तू कांद्याच्या टेम्पोत बसवून परत पाठवलंस आणि गाडी उतारावरून खाली आणलीस. नाक्यावर आलास तो तापलेला. चहाच्या टपरीवर दहा माणसं होती, नांदूरघाटच्या एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर जीप घेऊन तुझीच वाट बघत बसला होता. सगळ्यांसमोर तू मला म्हणालास, "तुझ्या करंटनं आज माझ्या मायला कांद्यावर बसवलं." मला ते लागलं. मायवरून लागलं. आणि लागलं की माझी जीभ माझी राहत नाही, हे तुला माहीत होतं. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "करंट चांगला हाय, मन्मथ. हात गेला तुझा."

कारागिराला म्हणायला याहून वाईट शब्द आपल्या लाइनीत नाही. तू उलट बोलला असतास तर बरं झालं असतं, मी पुढं दोन शिव्या दिल्या असत्या, तू चार दिल्या असत्यास आणि संध्याकाळी भजी खाल्ली असती. तू फक्त हात पुसलेस. ड्रायव्हरनं जीप सुरू केली आणि दुसरीकडे नेली. अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दिवस तसे वाईटच होते. नव्या गाड्या यायला लागल्या होत्या, बॉनेट उघडावं तर आत काळं झाकण, कार्बोरेटरचा पत्ताच नाही. गिऱ्हाईक आधीच पातळ झालेलं. त्यात 'मन्मथचा हात गेला' हे माझ्या तोंडचं वाक्य लोकांना आयतं मिळालं.

मी तुला दोन-तीनदा म्हणालो, "सोड रे, रागात बोललो." तू म्हणालास, "कशाला? खरं बोललास." मग तू कार्बोरेटर घेणंच कमी केलंस. सीट कव्हरं टांगलीस, आरशाला लोंबणाऱ्या बाहुल्या टांगल्यास. पत्र्यापलीकडून कॉम्प्रेसरचा आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, येईल ताळ्यावर. मी माफी मागितली ती येताजाता, स्क्रू पिळत, तुझ्याकडे न बघता. त्याला माफी म्हणत नाहीत.

आणि मग तुझी कावीळ. आधी झाडपाला, मग औरंगाबाद. मी भेटायला आलो तेव्हा आपण पावसाबद्दल बोललो, कापसाबद्दल बोललो, तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या घोरण्याबद्दल बोललो. मी वाट बघत होतो तू विषय काढशील म्हणून, तू बहुतेक माझी. निघताना तू म्हणालास, "गाडी मधनंमधनं चालू करीत जा. बॅटरी बसंल." बॅटरी म्हणजे माझं खातं. तू माझ्याकडे माझं काम सोपवत होतास आणि मी मान हलवून लिफ्टकडे गेलो. परत येऊन खाटेवर बसावं असं वाटलं होतं. बीडची शेवटची एसटी चुकेल म्हणून आलो नाही.

तुम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, हे मला माहीत होतं, बघितलं नव्हतं. तुला मांडी घालून खाली बसवलं तेव्हा तू गॅरेजमध्ये कार्बोरेटर मांडीवर घेऊन बसायचास तसाच दिसत होतास. जंगमांनी सांगितलं तसं सगळ्यांनी बेल टाकला, विभूती घातली. मीही ओंजळ भरून घातली. घरी येऊन हात साबणानं धुतले, तरी ती पांढरी भुकटी नखांच्या कडेला दिवसभर राहिली.

तू सांगितलं होतंस म्हणून गाडी चालू करायला तुझ्या घरी गेलो. बॉनेट उघडून बॅटरीचं पाणी बघितलं, आत मायच्या हातचा चहा प्यायलो, बाहेर येऊन उघडं बॉनेट पाडलं आणि निघालो. घाटात जायचं ठरवलं नव्हतं, पण पालीच्या पुढे स्टिअरिंग वळवायला मन होईना. दुसऱ्या वळणाला गाडी बसली. माझ्याजवळ कॉम्प्रेसर नव्हता, मन्मथ. म्हणून मी हवा न मारता तसाच कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावलो. हवेच्या जेटांवर, पेट्रोलच्या वाफेनं ओली होऊन चिकटलेली राखाडी भुकटी. हवा अडलेली, म्हणून पेट्रोल जादा, म्हणून काजळी, म्हणून गाडीला दम नाही. मी ओरडलो ते तेव्हा. मग बोटांत ती चोळली. किती बारीक, किती मऊ. नखाच्या कडेला बसली तशी मी ओळखली.

मग एक आठवलं. तू तेल बघायला बॉनेट उघडायचास आणि उघडंच ठेवून आंघोळीला जायचास, हे मी कितीदा बघितलं होतं. परत आल्यावर मायला उगीच विचारल्यासारखं विचारलं, "माय, गाडीला विभूती लावतेस का अजून?"

"लावते कशाला? तोंडात घालते की," माय म्हणाली. "तूच दाखवलंतंस तोंड. दर येळंला घालते. त्यो आंघोळीला ग्येला की. आज तू च्या पीत होतास, तवा बी घातली. घाटात लई वळणं हायेत बाबा."

तर असं आहे. तुझा हात गेला नव्हता. करंटही बरा होता. माझी एक चेष्टा आणि मायची माया, दोन्ही मिळून तुझ्या जेटांवर बसत होती, आणि तू ती दर वेळी फुंकून साफ करत होतास. म्हणजे दुखणं तू दर आठवड्याला बरं करत होतास, फक्त तुला कळत नव्हतं. आणि ज्यानं ते लावून दिलं तो मी, टपरीवर उभा राहून तुला हात गेला म्हणालो.

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता नाक्यावर जावं आणि ओरडून सांगावं. टपरीपर्यंत गेलोही. पण नाक्यावर सांगितलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत मायच्या उंबऱ्याला पोचली असती. 'पोराची गाडी हिच्या विभूतीनं बसत होती, त्याचा धंदा हिच्या विभूतीनं बसला.' लोक असंच बोलतात, पदरचं घालून बोलतात. मुलगा गेलेल्या बाईला हे ऐकवायचं? तुझं नाव धुवायला माझ्याजवळ एकच पाणी होतं आणि ते मायच्या अंगावर पडत होतं.

मग मी खोटं बोललो. टपरीवर दहा माणसांत सांगितलं, "मन्मथ बरोबर होता. माझाच कंडेन्सर खराब होता, मी कबूल केलं न्हाई. त्याचा हात शेवटपर्यंत एक नंबर होता." उभ्या आयुष्यात करंटची चूक मी कधी कबूल केली नव्हती, टपरीवाला ग्लास विसळायचा थांबला. त्या नांदूरघाटच्या ड्रायव्हरलाही निरोप धाडला. आपण हरलो की इतकं हलकं वाटतं हे मला माहीत नव्हतं. खरं सांगू? मी स्वतःवर खूश झालो. फुकटात सुटलो असं वाटलं.

त्याच खुशीत मायकडे गेलो. तिनं नाक्यावरून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकावं. ती जोंधळे निवडत होती. मी सांगितलं, "माय, चूक माझी होती. करंटच कमजोर होता. मन्मथ बरोबर होता."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मला इचारलं व्हतं त्यानं. औरंगाबादला, पडल्या पडल्या. 'माय, माझा हात ग्येला का गं?' म्या म्हनलं, उत्तम म्हनतो तर आसंल बाबा. उत्तम तुझ्यावानी तिरसट न्हाई, उगंच बोलायचा न्हाई." तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्या तुझी बाजू घेतली रे. त्यानं भिताडाकडं तोंड केलं."

मन्मथ, मी खोटं बोललो ते तिला एका ओझ्यातून वाचवायला, आणि दुसरं तिच्या डोक्यावर ठेवून बसलो. खरं सांगितलं तर तिची विभूती दोषी, खोटं सांगितलं तर तिची जीभ. तिसरं काही मला सुचेना. तू पलीकडे असतास तर पत्र्यावर थाप मारून विचारलं असतं. मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागलो.

मग तिनंच विचारलं, "मंग हात चांगला व्हता ना रे त्याचा?"

"चांगला होता माय."

"शेवटपातूर?"

"शेवटपर्यंत."

तिनं डोळे पुसले आणि सूप पुन्हा ओढलं. त्या दिवशी मी तिला जे जे बोललो त्यात एवढंच खरं होतं, आणि ते तुला सांगायचं होतं.